युद्धनीतीच्या कल्पना मुळातून वाचण्याबद्दल : नियतकालिकं, पीडीएफ आणि आपली सवय

गडवाट

‘हायब्रिड वॉर’, ‘पाचव्या पिढीचं युद्ध’, ‘मोत्यांची माळ’, ‘कोल्ड स्टार्ट’. रात्री नऊच्या चर्चेपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डपर्यंत या कल्पना आता सगळीकडे आहेत. सामान्य माणसाला युद्धनीतीत रस वाटू लागला ही चांगलीच गोष्ट. पण या कल्पना आपल्यापर्यंत पोचतात त्या पाच-सहा हात बदलून. मला कळकळीने एवढंच सांगायचंय की कल्पना जिथे पहिल्यांदा छापली गेली तिथे जाऊन वाचा, आणि पुढच्या अंकांमध्ये तिच्यावर कोण काय म्हणालं तेही वाचा. आज हे घरबसल्या आणि बहुतेक वेळा फुकट जमतं. तरी आपण करत नाही, याचं वाईट वाटतं.

एक उदाहरण सविस्तर घेतो. २७ फेब्रुवारी २०१३ ला एका रशियन लष्करी साप्ताहिकात जनरल वालेरी गेरासिमोव्ह यांचा लेख आला. रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख होऊन त्यांना तेव्हा काही महिनेच झाले होते, आणि लेख म्हणजे मुळात लष्करी विज्ञान अकादमीपुढचं भाषण होतं. बाहेर कुणी फारशी दखल घेतली नाही. वर्षभराने रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला, बिनबिल्ल्याचे सैनिक रस्त्यांवर दिसले, आणि जो तो याचं मूळ शोधायला लागला. जुलै २०१४ मध्ये मार्क गॅलिओटी या ब्रिटिश अभ्यासकाने त्या लेखाचा इंग्रजी अनुवाद स्वतःच्या टिपणांसह ब्लॉगवर टाकला आणि मथळ्यात ‘गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन’ (म्हणजे गेरासिमोव्हचा युद्धसिद्धान्त) असं लिहिलं. झालं! मथळा उचलला गेला. वर्तमानपत्रं, परिसंवाद, प्रबंध, सगळीकडे रशियाचा युद्धमंत्र सापडल्यासारखं वातावरण झालं.

लेखात प्रत्यक्षात काय आहे? बराचसा भाग ‘अरब स्प्रिंग’वर, म्हणजे अरब देशांतल्या उठावांवर आहे. पाश्चात्त्य देश लष्कर फारसं न वापरता राजवटी कशा उलथवतात, असं रशियन सेनापतीला वाटतं, त्याची ती मांडणी आहे. संघर्षाच्या टप्प्यांची एक आकृती आहे, तिच्यात बिगरलष्करी आणि लष्करी उपायांचं प्रमाण ४:१ दाखवलंय. पुढे रशियन लष्करी विज्ञान मागे पडल्याची तक्रार आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी धोक्याचा इशारा देणाऱ्या इसेर्सन या सोव्हिएत लष्करी विचारवंताचं कुणी ऐकलं नाही, ही आठवण आहे. शेवटी १९३८ मध्ये गोळ्या घातल्या गेलेल्या स्वेचिन या रणनीतिज्ञाचा दाखला आहे. त्याचा आशय असा, की प्रत्येक युद्धाचं तर्कशास्त्र वेगळं असतं, तिथे साचा चालत नाही. ज्या लेखातून जगाने साचा काढला, तो लेख साच्याविरुद्ध बोलून संपतो! हे कळायला शेवटच्या परिच्छेदापर्यंत जावं लागतं.

आता नियतकालिकाचं काम बघा. अमेरिकी लष्कराच्या ‘मिलिटरी रिव्ह्यू’ने जानेवारी-फेब्रुवारी २०१६ च्या अंकात हा अनुवाद छापला आणि त्याच अंकात चार्ल्स बार्टल्स यांचा लेखही दिला. बार्टल्स म्हणतात की हे डॉक्ट्रिन नाही; युद्धाचं स्वरूप कसं बदलतंय याबद्दल रशियन लष्कराला काय दिसतं, ते इथे सांगितलंय. मूळ मजकूर आणि त्यावरची चिकित्सा एकाच अंकात. मार्च २०१८ मध्ये खुद्द गॅलिओटी यांनी ‘फॉरेन पॉलिसी’त जाहीर माफी मागितली, असं काही डॉक्ट्रिन अस्तित्वातच नाही म्हणून. आपल्याकडच्या फॉरवर्डांमध्ये ते अजून ठणठणीत जिवंत आहे.

म्हणून माझा आग्रह अंकाचा आहे. सुटा लेख लिंकवरून आला की तो एकटा येतो. अंकात त्याच्या शेजारी दुसरा लेख असतो, मागच्या अंकावरचं पत्र असतं, पुढच्या अंकात उत्तर असतं. ‘मिलिटरी रिव्ह्यू’, अमेरिकी आर्मी वॉर कॉलेजचं ‘पॅरामीटर्स’, ‘नेव्हल वॉर कॉलेज रिव्ह्यू’, आपल्याकडे मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्थेचं ‘जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज’, ‘क्लॉज जर्नल’, हे सगळं जालावर मोफत आहे. मी एका वेळी एकच नियतकालिक धरतो, वर्षभर त्याचा प्रत्येक अंक उतरवून घेतो आणि पत्रव्यवहारापासून वाचायला सुरुवात करतो. वाद कुठे पेटलाय ते तिथे लगेच कळतं.

तुम्ही काय वाचता, कसं वाचता, लिहा.

तोफखाना

फार चांगला विषय. मी तोफखान्यातून निवृत्त झालो, देवळालीत राहतो.

आमच्या वेळी युनिटच्या वाचनालयात यूएसआय जर्नल यायचं. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था १८७० मध्ये सिमल्याला कर्नल चार्ल्स मॅकग्रेगर यांनी काढली, जर्नल १८७१ पासूनचं. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा देणारे अधिकारी ते वाचायचेच, काही सुवर्णपदक निबंधस्पर्धेत लिहायचेही. परदेशी नियतकालिकं वर्तुळात फिरायची. अंकाला एक चिठ्ठी टाचलेली असायची, वाचून झालं की सही करून पुढच्याकडे द्यायचा. अंक आपल्यापर्यंत येईस्तोवर समासात तीन-चार जणांच्या पेन्सिलीच्या खुणा झालेल्या असायच्या. एकाने ‘चूक’ लिहिलेलं, त्याच्याखाली दुसऱ्याने ‘का?’ विचारलेलं. मला तर त्या खुणांनीच वाचायला शिकवलं. बदली झाली की लोक गठ्ठे रद्दीत काढायचे, मग कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून आम्ही ते परत आणायचो.

तुम्ही वादाबद्दल लिहिलंय म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात रणगाड्यांचा जो संहार झाला त्याने अमेरिकी सेना हादरली. जनरल डेप्यू यांनी १९७६ मध्ये नवी युद्धपुस्तिका काढली, ‘अ‍ॅक्टिव्ह डिफेन्स’ या नावाने ती ओळखली जाते. सोव्हिएत रणगाड्यांची पहिली लाट जर्मनीत अग्निबळावर रोखायची, असा तिचा सगळा भर. मार्च १९७७ मध्ये ‘मिलिटरी रिव्ह्यू’नेच विल्यम लिंड यांची टीका छापली. लिंड हे सिनेटरच्या कार्यालयातले साहाय्यक, स्वतः कधी वर्दी घातलेली नाही. तुम्ही अग्निबळाच्या मागे लागून हालचाल विसरलात, असा त्यांचा थेट आरोप होता. सैन्याच्या स्वतःच्या मासिकाने सैन्याच्या नव्याकोऱ्या पुस्तिकेवर बाहेरच्या माणसाची टीका छापली! पुढे काही वर्षं वाद चालला, जनरल स्टारी यांनी मार्च १९८१ च्या अंकात रणांगण खोलवर विस्तारण्याची कल्पना मांडली आणि १९८२ मध्ये ‘एअरलँड बॅटल’ आलं. १९९१ च्या आखाती युद्धात जगाने टीव्हीवर जे पाहिलं त्याची पूर्वतयारी त्या मासिकाच्या पानांवर झाली होती. ते अंकही आता जालावर आहेत.

आपल्याकडे असा वाद कमी होतो. सेवेतल्या अधिकाऱ्याला लेख छापायला वरून परवानगी लागते, मग बरेच जण निवृत्तीनंतरच मोकळेपणी लिहितात. गोपनीयता मला मान्य आहे, तीस वर्षं पाळलीय. पण जाहीर झालेल्या सिद्धान्तावर कॅप्टनने जाहीर लिहायला हरकत नसावी.

मृण्मयी_क

संरक्षण व सामरिकशास्त्र शिकवते. गडवाट, तुमचा धागा उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

‘कोल्ड स्टार्ट’चं नाव तुम्ही घेतलंत, त्याचा प्रवास मी दरवर्षी मुलांकडून फळ्यावर लिहून घेते. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, ‘पराक्रम’ मोहिमेत सैन्य सीमेकडे निघालं, पण स्ट्राइक कोअर (चढाईसाठीची मोठी दलं) जागेवर पोचायला जवळपास तीन आठवडे लागले. तेवढ्यात आंतरराष्ट्रीय दबाव आला आणि संधी गेली. त्यातून २००४ मध्ये नवी कल्पना पुढे आली: छोटे, वेगवान एकात्मिक गट थोड्या तासांत सीमेपार, मर्यादित उद्दिष्टं, पाकिस्तानच्या अणुउंबरठ्याच्या अलीकडे, म्हणजे तो अण्वस्त्र वापरेल इतकं न ताणता. परदेशात तिच्यावर सर्वाधिक उद्धृत झालेला लेख वॉल्टर लॅडविग यांचा, ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी’च्या २००७-०८ च्या हिवाळी अंकातला. ही कल्पना प्रत्यक्षात उतरवण्यात भारताला काय अडचणी आहेत यावर त्यात बरीच पानं खर्ची पडलीत. मग फेब्रुवारी २०१० मधली अमेरिकी राजदूत रोमर यांची तार विकिलीक्समधून बाहेर आली. तिच्यात याला मिथक आणि वास्तव यांचं मिश्रण म्हटलंय. एप्रिल २०११ मध्ये पाकिस्तानने ‘नस्र’ या छोट्या पल्ल्याच्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राची चाचणी केली. आणि जानेवारी २०१७ मध्ये जनरल बिपिन रावत यांनी ‘इंडिया टुडे’च्या मुलाखतीत ही संकल्पना असल्याचं उघडपणे मान्य केलं.

आता गंमत नाही, गांभीर्याने बघा: तेरा वर्षं जिचं अस्तित्व अधिकृतपणे धूसर होतं, त्या कल्पनेला शेजाऱ्याने अण्वस्त्र घेऊन उत्तर दिलं. लेख, तार, चाचणी, मुलाखत हे चार कागद तारखेच्या क्रमाने शेजारी ठेवले की मुलांना ते आपोआप उमगतं. नुसती ‘कोल्ड स्टार्ट म्हणजे काय, पाच गुण’ अशी नोट्स वाचून ते कधीच उमगत नाही.

सवयीबद्दल एक अडचण नोंदवते. एका महाविद्यालयात मी असताना छापील नियतकालिकांची वर्गणी बंद झाली, कारण ‘सगळं ऑनलाइन आहे’. टेबलावर अंक पडलेला असायचा तेव्हा मुलं सहज चाळायची. लॉगिन करून कुणी सहज चाळत नाही. त्यामुळे आता मी दर महिन्याला एका अंकाची अनुक्रमणिका छापून भिंतीवर लावते, आणि त्यातून मुलं लेख मागायला येतात.

निनाद८८

थोडा असहमत आहे, राग मानू नका.

तुम्ही सगळे ज्या नियतकालिकांबद्दल बोलताय त्यांना लेख छापायला महिने लागतात. युक्रेनमध्ये ड्रोनचं तंत्र आठवड्यागणिक बदलतंय. ‘ओरिक्स’ या डच ब्लॉगने फोटोंच्या पुराव्यावर एकेक रणगाडा मोजला, उद्ध्वस्त किती, सोडून दिलेले किती. कुठल्या त्रैमासिकाने ते केलं? गलवाननंतर उपग्रहचित्रं वाचणारी मंडळी ट्विटरवर होती. मी सकाळी उठून अशी दहा-बारा खाती बघतो आणि मला नाही वाटत माझं काही अडतं.

गडवाट

राग कसला? मुद्दा रास्त आहे. ‘ओरिक्स’चं काम मला थोर वाटतं, आणि ते थोर आहे कारण प्रत्येक आकड्यामागे फोटो आहे, तुम्ही स्वतः उघडून तपासू शकता. म्हणजे त्यांनी चांगल्या नियतकालिकाची शिस्त ब्लॉगवर आणली. पण त्याच फीडमध्ये ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेमची दृश्यं खरं युद्ध म्हणून फिरतात. इतकी, की २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीलाच ती कशी ओळखावीत याचं निवेदन काढावं लागलं. मे २०२५ मध्ये आपल्याकडे ‘ऑपरेशन सिंदूर’च्या चार दिवसांत काय काय फिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, काय घडलं हे फीड सांगतं. ते का घडलं आणि आता काय करावं, हे सांगायला लांबी लागते. युक्रेनचे तेव्हाचे सरसेनापती जनरल झालुझ्नी यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये युद्ध अडकलंय हे जगाला सांगायचं होतं, तेव्हा ते ‘इकॉनॉमिस्ट’कडे गेले. मुलाखत तर दिलीच, पण सोबत दीर्घ निबंधही लिहिला. युद्ध पहिल्या महायुद्धासारखं जागच्या जागी थिजलंय, आणि हवाई वर्चस्व, इलेक्ट्रॉनिक युद्ध, तोफांना प्रत्युत्तर, सुरुंग हटवणं, राखीव दलं यांत काय हवंय, असा तो सगळा युक्तिवाद. ज्याच्या हाताखाली रोजचा ड्रोन फीड येत होता त्या माणसाला शेवटी निबंध लिहावासा वाटला.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर बरीच मासिकं फोनवर वाचता येतात.

नौदलाची भर घालतो. यूएस नेव्हल इन्स्टिट्यूट १८७३ ची, तिचं ‘प्रोसीडिंग्ज’ १८७४ पासून अखंड चालू. १८७९ मध्ये तिच्या निबंधस्पर्धेत तिसरा आलेला एक अधिकारी म्हणजे आल्फ्रेड महान. समुद्री सत्तेवरच्या ज्या ग्रंथाने त्यांचं नाव झालं तो त्यानंतर अकरा वर्षांनी आला. जानेवारी १९९८ चा सेब्रोव्स्की-गार्स्टका यांचा नेटवर्ककेंद्रित युद्धावरचा लेखही तिथलाच, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये मॅटिस-हॉफमन यांनी ‘हायब्रिड वॉर’ (नेहमीची लढाई, गनिमी कावा, माहितीयुद्ध असं सगळं एकत्र) मांडलं तेही तिथेच. मॅटिस पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्यांचा तो लेख दोन पानांचा आहे, जरूर वाचा.

सुजाता_नाशिक

आजोबा फौजेत होते, त्यामुळे लहानपणी घरी ‘सैनिक समाचार’ यायचं, मराठी आवृत्ती. २ जानेवारी १९०९ ला ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालेलं हे नियतकालिक, १९५४ मध्ये नाव बदललं, आणि तेरा भाषांमध्ये निघायचं, मराठी त्यांतली एक. त्यात युद्धनीती नसायची, पदकं, कवायती, मोहिमांच्या बातम्या असायच्या. पण सैन्याबद्दल मराठीतून नियमित वाचण्याची सवय आमच्या घरात त्याने लावली.

मला या चर्चेत एक खंत वाटते. इथे नाव आलेलं जवळपास प्रत्येक नियतकालिक इंग्रजी आहे. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये ‘माणूस’ काढलं आणि राजकारणापासून युद्धापर्यंत दीर्घ लेखमाला मराठी वाचकाने आवडीने वाचल्या. खडकवासला, देवळाली, लोणावळा इथल्या लष्करी प्रशिक्षणसंस्था, दक्षिण कमांडचं मुख्यालय, सगळं आपल्या अंगणात. इतके निवृत्त अधिकारी पुण्या-नाशकात राहतात. मग मराठीत एखादं त्रैमासिक का नसावं? दिवाळी अंकातला एखादा लेख पुरत नाही, कारण त्याला पुढचा अंकच नसतो, उत्तर कुठे द्यायचं?

तोफखाना

सुजाताताई, अगदी मनातलं बोललात. मी लिहायला तयार आहे. चालवणारं कुणी पुढे आलं तर माझ्या कोर्समधले आणखी काही जण मी मिळवून देतो.

अथर्व_एमपीएससी

नमस्कार, मी स्पर्धापरीक्षेची तयारी करतोय. वाचायला खूप आवडेल, पण इंग्रजी लेख वाचायला वेळ फार लागतो आणि पुष्कळदा संदर्भच लागत नाहीत. सुरुवात नेमकी कुठून करू?

गडवाट

अथर्व, तुला आधीच माहीत असलेली एकच कल्पना घे आणि तिचा माग काढ. ‘मोत्यांची माळ’च घे. नोट्समध्ये बहुधा ‘भारताला घेरण्याचं चीनचं धोरण’ असं लिहिलेलं असेल. चीन सरकारने हे नाव कधी दिलेलं नाही. बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या अमेरिकी सल्लागार कंपनीने पेंटॅगॉनसाठी आशियातल्या ऊर्जेवर एक अहवाल केला, तिथून ते आलं. जानेवारी २००५ मध्ये ‘वॉशिंग्टन टाइम्स’ने ती बातमी दिली. २००६ मध्ये क्रिस्टोफर पेहरसन या अमेरिकी लेफ्टनंट कर्नलने आर्मी वॉर कॉलेजच्या संस्थेतर्फे यावर निबंध लिहिला, तो जालावर मिळेल. तो वाच. आधी फक्त सुरुवातीची पानं, जिथे ‘मोती’ कुठले ते सांगितलंय. त्या जागा नकाशावर लाव आणि प्रत्येकीपुढे आज तिथे काय आहे ते लिही. इंग्रजी अडलं तर इथे विचार, आम्ही आहोत.

मृण्मयी_क

अथर्व, हाच स्वाध्याय माझ्या वर्गालाही देते. वेळ लागू दे, घाई करू नकोस.

अथर्व_एमपीएससी

वाचलं. यादीत हैनान, वुडी बेट, चितगाव, सित्वे आणि ग्वादर आहेत. श्रीलंकेतलं हंबनटोटा नाही, त्याचं बांधकाम २००८ मध्ये सुरू झालं आणि चिनी कंपनीशी ९९ वर्षांचा करार २०१७ चा. पण म्यानमारमधल्या सित्वेशी अडलो. तिथलं बंदर तर भारताने बांधलंय ना? कलादान प्रकल्पात? मे २०२३ मध्ये कोलकात्याहून पहिलं जहाज गेलं असं सापडलं. मग २००६ मध्ये तो चीनचा ‘मोती’ कसा काय होता?

गडवाट

अगदी बरोबर ठिकाणी अडलास. म्यानमारमध्ये चीनचा मोठा प्रकल्प आहे तो सित्वेच्या दक्षिणेला, क्याउकफ्यूला. तिथून तेल आणि वायूच्या नळवाहिन्या थेट युन्नानला जातात. आता पेहरसनने सित्वेबद्दल नेमकं काय म्हटलंय, कशाच्या आधारावर म्हटलंय, ते त्याच्या तळटिपांमध्ये शोध. मग २००६ नंतर भारताने कलादान का हाती घेतला असेल, यावर तुला जे वाटतं ते चार परिच्छेदांत मराठीत लिहून इथे टाक. तोफखाना सर, तुम्ही त्यावर पेन्सिल चालवाल का?

तोफखाना

आनंदाने. टाक रे बाळा, वाट बघतोय.